ओटीभर कापसाची ताटं

खरं तर हे मी लिहावं की नाही, हे मला अजूनही कळत नाही. उत्तमनानांवर लिहिण्याचा अधिकार त्यांच्या मुलांचा, त्यांच्या बरोबरीच्या माणसांचा. मी त्यांच्या नात्यातली नाही, भावकीतली तर नाहीच. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली एक मुलगी. चार ओळी लिहिते आणि त्यातल्या तीन खोडते. म्हणून काही चुकलं, कमी-जास्त झालं, तर मोठ्यांनी मला माफ करावं. नानांना जाऊन महिना होत आला. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही... म्हणून धीर केला.

नाना आमच्या गावचे वाढपी. त्यांचा तो धंदा नव्हता. वाटूरच्या रस्त्याला त्यांचं कापसाचं रान होतं. पण गावात सप्ताह असो, कुणाचं लग्न असो नाहीतर तेरावं, पायजमा वर दुमडून, हातात बादली घेतलेले नाना तिथे असायचेच. आम्ही वस्तीवरची माणसं पंगतीच्या टोकाला, भिंतीकडच्या बाजूला बसायचो. कुणी बसवलेलं नसायचं, आमचे पायच तिकडे वळायचे. नाना वाढायला सुरुवात त्या टोकाकडून करायचे. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत. मला मात्र 'मास्तरीणबाई' म्हणायचे. मी पुरी नको म्हणून ताटावर हात धरला की म्हणायचे, "घ्या मास्तरीणबाई, परीक्षा काही उद्या न्हाई." आणि पुढच्या माणसाच्या ताटात वाकायचे.

ताटांची गोष्ट सुरू झाली ती थर्माकोलच्या पत्रावळ्यांवरून. सप्ताह झाला की मंदिरामागे त्यांचा ढीग पडायचा. वारा सुटला की त्या उडायच्या, ओढ्यात तुंबायच्या आणि उरलेल्या नानांच्या रानात शिरायच्या. तिथे त्यांचा चुरा होऊन तो पऱ्हाटीला, कापसाच्या झाडांना, अडकायचा. पांढऱ्यात पांढरं... वेचणाऱ्या बायांना कुठून दिसणार? एका वर्षी परतूरला व्यापाऱ्याने नानांच्या कापसात हात घातला, तर मुठीत कापसापेक्षा थर्माकोलच जास्त. त्याने भाव पाडला. नाना ही गोष्ट चिडून सांगत नसत, हसवायला सांगत. "त्यो म्हणला, नाना, कोणतं बियाणं लावलं औंदा? म्हणलं, सप्त्याच्या पंगतीचं हाये, लई जोमदार येतंय."

पण त्या वर्षी त्यांनी मनावर घेतलं. गावाची स्वतःची स्टीलची ताटं पाहिजेत, म्हणजे ही पत्रावळ बंद होईल. वर्गणीची गोष्ट निघाली तसे लोक इकडे-तिकडे बघायला लागले. नानांनी पैसे मागितलेच नाहीत. वेचणीचे दिवस होते. प्रत्येक घरातून ओटीभर कापूस द्या म्हणाले. वेचताना बाया कमरेला लुगड्याची झोळी बांधतात, ती ओटी. कुणाचं रान मोठं असो की छोटं, द्यायची एकच ओटी. आमच्या वस्तीवर स्वतःचं रान असलेली घरं थोडीच. आई म्हणाली, आपण काय देणार. तर नाना स्वतः ओढा ओलांडून आले आणि बायांना सांगून गेले, की दिवसाची शेवटची ओटी माझ्या रानात वेचा, ती तुमच्या घरची. आईने त्या संध्याकाळी एवढी गच्च ओटी भरली की तिला धड चालताही येईना. वाटेत ती हसत होती. वेचणीवरून हसत आलेली आई मी त्याआधी पाहिली नव्हती.

सगळा कापूस एकाच ढिगात पडला, एकाच गाडीतून परतूरला गेला आणि ताटं आली. मग कुणाच्या तरी मनात आलं, की आपापल्या गेलेल्या माणसाचं नाव ताटावर कोरून घ्यावं. नाना लगेच हो म्हणाले. भांड्यांवर नावं कोरणारे शकीलभाई आपली छोटी मशीन घेऊन आले, सभामंडपातून वायर ओढली, आणि दिवसभर लोक त्यांच्यापुढे आपल्या गेलेल्या माणसांची नावं सांगत उभे राहिले. माझ्या आजीचंही नाव कोरलं गेलं. शकीलभाई घाम पुसत म्हणाले, "नाना, गावातून जेवढे गेल्ते, तेवढे आज वापस आले बघा."

पहिला सप्ताह थाटात झाला. मंदिरामागे एक पत्रावळ दिसली नाही. त्यानंतर आमच्या वस्तीत एक लग्न होतं, म्हणून ताटं ओढ्यापलीकडे आली, जेवणं झाली, घासून-पुसून परत गेली. आणि मग कुजबुज सुरू झाली...

मंदिर समितीतले जुनेजाणते बापू नानांकडे आले. हे सगळं मला पुढे नानींनी, म्हणजे नानांच्या पत्नीने सांगितलं. बापू माणूस वाईट नाहीत, हेही मला इथे लिहिलं पाहिजे. ते म्हणाले, "कुणाचा अपमान करायचा न्हाई आपल्याला. फकस्त त्येंची ताटं त्येंला, आपली आपल्याला. नावं तर हायेतच, निवडायला सोपं."

"कापूस येका गाडीत भरल्ता, तवा कुणाचा कोणता इचारलं का, बापू?"

"ताटाचं येगळं असतंय नाना."

"मंग माझं बी येगळंच राहू द्या. ताटं येक होईस्तोवर मी वाढणार न्हाई."

कुणी सुचवलं, नावं घासून टाका म्हणजे ताटं निवडताच येणार नाहीत, शकीलभाई करतील बिलकुल कोरी. नानांनी ते ऐकलं नाही. आईचं नाव कोरून घेतलेल्या माणसाला ते पुसून टाक, असं कोणत्या तोंडाने सांगू, म्हणाले. नावं कोरायला आपणच हो म्हटलं, तेव्हा चूक आपली, असंही म्हणाले.

आणि खरंच त्यांनी वाढणं सोडलं. पुढचे सगळे सप्ताह ते कीर्तनाला येत, पंगत बसायला लागली की पारावर जाऊन बसत आणि जेवायला घरी जात. मंडपात ताटांच्या दोन थप्प्या लागत. नळापाशी एक माणूस बसून नावं वाचून त्या वेगळ्या करी. पोरं नानांची थट्टा करत, की नानांनी वाढलं नाही म्हणून काय लोक उपाशी उठलेत का? नाना म्हणत, "न्हाई उठले, हेच तर बरंय." पण बादल्यांचा आवाज आला की त्यांचे हात मांडीवर हलत राहायचे. ते मी पाहिलंय. आमच्यासाठी एवढं सोडणारा माणूस समोर बसलाय आणि आपण पंगतीत जेवतोय...

या वर्षी सप्ताहाच्या तोंडावर त्यांना श्वासाचा त्रास वाढला आणि जालन्याला दवाखान्यात आणलं. मी तिथेच शिकायला, त्यामुळे रोज संध्याकाळी जात होते. बोलताना धाप लागायची, तरी विचारायचे, "पारायण बसलं का? कीर्तनाला कोण आल्तं?" ताटांचं मात्र विचारत नसत. काल्याच्या दिवशी मी कॉलेज बुडवून दुपारीच गेले. तिथे असतानाच आईचा फोन आला.

झालं असं होतं, की ताटं निवडणारा माणूस लेकीच्या गावाला गेलेला. पहिली पंगत उठली, खरकटी ताटं नळावर आली, घासणाऱ्या बायांनी ती धुऊन एकावर एक रचली. पुढच्या पंगतीचे लोक ताटकळलेले. बापू आले आणि म्हणाले, ताटं येगळी करा. तेव्हा त्यांची स्वतःची थोरली सूनच हात न थांबवता म्हणाली, "मामा, ज्याला येगळी पायजेत त्यानं इथं बसून निवडावी. आमचे हात भरलेत." बाया खाली माना घालून हसल्या. बापूंनी त्या थप्पीकडे एकदा बघितलं. मग मंडपात गेले आणि पंगतीत बसले. ताट समोर आलं, त्यात वाढलं गेलं, त्यांनी हात जोडले आणि ते जेवायला लागले.

मी नानांच्या उशाशी बसले. त्यांच्या तोंडावर मास्क होता. मी म्हटलं, "नाना, आज ताटं येकाच थप्पीतून वाढली."

त्यांनी माझ्याकडे वळून मास्क थोडा बाजूला केला. "मंग? काय झालं?"

"काहीच झालं न्हाई. बापू बी जेवले. समदे जेवले."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली, म्हणून हळूच उठायला गेले, तर माझं मनगट धरलं.

"शेवटच्या पंगतीला भाजी पुरली का?"

हे काही मी आईला विचारलं नव्हतं. तिथेच उभी राहून पुन्हा फोन लावला. पलीकडे भांड्यांचा एवढा आवाज, की आईला दोनदा विचारावं लागलं. मग मी नानांच्या कानाजवळ वाकले आणि सांगितलं, की नाना, पुरली.