मोठी प्रगती

आमच्या तुरुंगात दर मंगळवारी समुपदेशक बाई यायच्या. आठ कैद्यांना गोल बसवायच्या आणि शब्द द्यायच्या, "इथलं बोलणं इथेच राहील." मी शिपाई, दाराशी उभा.

त्या आठांतला शिंपी दोन वर्षं गप्प होता. बाईंनी कधी खोदून विचारलं नाही, फक्त त्याने शिवलेल्या काजांचं कौतुक करायच्या. एका मंगळवारी तो म्हणाला, "बाई, कोर्टात मी खोटं बोललो. बायको जिन्यावरून पडली नव्हती. मी ढकललं तिला." आणि ढसाढसा रडला. शेजारच्या दरोडेखोराने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बाई इतक्या हरखल्या, की दिलेला शब्द विसरून त्यांनी सगळं अहवालात लिहिलं आणि खाली शेरा मारला, 'मोठी प्रगती'. साहेबांनी तो वाचला आणि शिंप्याची मुदतपूर्व सुटका तीन वर्षं लांबवली.

पुढच्या मंगळवारी बाईंनी माफी मागितली. शिंपी शांतपणे म्हणाला, "तुमचं काय चुकलं? मीच तुम्हाला आपलं माणूस समजलो."

आता आठही जण हसून सांगतात, "सगळं छान आहे, बाई." बाई तेच लिहितात. गेल्या महिन्यात साहेबांनी त्यांचा सत्कार केला. सगळ्यात जोरात टाळ्या शिंप्याने वाजवल्या.