इंजिनाला लावलेली हळद

आमच्या बिल्डिंगमध्ये दोन डॉक्टर होते. एक पहिल्या मजल्यावरचे, दारावर पाटी असलेले; त्यांच्याकडे माणसं जायची. दुसरे तळमजल्यावरचे डॉक्टरकाका. त्यांच्याकडे मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप आणि अर्ध्या घाटकोपरातल्या म्हाताऱ्या मोटारसायकली यायच्या. हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ते चालत्या यंत्राला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि मग आजार सांगायचे. एकदा सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी फारच लांबण लावत होते. काकांनी उठून तो स्क्रूड्रायव्हर त्यांच्या टेबलाला टेकवला, कान दिला आणि म्हणाले, "तेल कधीच संपलंय, पण बंद होत नाहीये." त्यानंतर सभा काही चालली नाही.

मुलुंडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला त्यांचा जन्म गेला. कारखाना बंद पडला, तिथे टॉवर उभे राहिले आणि काका घरी आले. हाताची शिस्त मात्र तशीच राहिली. "घाई केली की आटे जातात," हे त्यांचं वेदवाक्य होतं. बोल्ट तिरका बसला आणि त्यावर जोर लावला की त्याचे आटे झिजतात, मग तो कधीच धरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण काका ते पोरांच्या लग्नापासून भाताच्या कुकरपर्यंत कुठेही लावायचे. मी तावातावाने नोकरी सोडायला निघालो होतो तेव्हा मलाही तेच ऐकवलं. मी सोडली नाही, आणि ते बरं झालं हे त्यांना कधी सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते वाक्य जिन्यात रंगवून घेतलं असतं.

काकी मालवणकडच्या. जीभ तिखट, कालवण त्याहून तिखट. सगळ्या बिल्डिंगला धाकात ठेवणाऱ्या या बाईला एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे गाडी लागण्याची. बस, टॅक्सी, रेल्वे, काही चालायचं नाही. "रिक्षाचो आवाज आयकलंय तरी माझ्या पोटात ढवळता," असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. डोळ्यांच्या तपासणीला बसने मुलुंडला जायचं तरी ओकारीसाठी पिशवी बरोबर घ्यावी लागे. अपवाद एकच, काकांची जुनी मोटारसायकल. तोंडावर वारा आला की काकींना काही होत नसे. लग्न झाल्यापासून दर शिमग्याला ही दोघं त्या गाडीवरून माहेरी जायची, वाटेत चिपळूणला काकांच्या बहिणीकडे मुक्काम करून. मागची सीट चांगली बसकी आणि रुंद होती. पाठ टेकायला काकांनी स्वतः नळी वाकवून वेल्ड केली होती.

पोरबाळ नव्हतं. कोणी विषय काढलाच तर काका त्या गाडीकडे बोट दाखवायचे आणि काकी त्यांच्याकडे.

मग एके वर्षी गाडीच्या इंजिनाचं कवच तडकलं. गाडी बनवणारा कारखाना केव्हाच इतिहासजमा झालेला, सुटे भाग मिळेनात. कुणीतरी सांगितलं की दक्षिणेतली एक कंपनी अशा जुन्या गाड्यांत बसेल असं नवं कोरं इंजिन बनवते. काकांनी गाठीला होतं नव्हतं ते त्यात घातलं. मला ते वेडेपण वाटलं आणि मी तसं बोललोही. काका म्हणाले, "बाबू, हिची आई अंथरुणाला खिळलीय. या शिमग्याला हिला नेऊन तिच्यासमोर उभी करायचीय. बाकी काही नाही." काकी आतून ओरडल्या, "आवशीक बघूचा हा रे माका, बाकी तुमचा इंजिन गेला खड्ड्यात!"

इंजिन आलं ते नेमकं दसऱ्याच्या तोंडावर. आता कारखान्यात जन्म काढलेला माणूस खंडेनवमीला नवं यंत्र पूजेशिवाय ठेवेल कसा? पाट मांडला, त्यावर इंजिन. काकींनी बोल्टाबोल्टाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. आम्ही सगळे पेढे खाऊन आलो. दसरा झाल्यावर काकांनी रॉकेलचा बोळा घेऊन इंजिन लख्ख पुसलं, कारण अॅल्युमिनियमवर कुंकवाचे डाग बसलेले त्यांना खपत नसत. त्या पुसण्यात काय काय गेलं हे तेव्हा कुणालाच कळलं नाही.

इंजिन बसवलं, गाडी सुरू झाली. काकी मागे बसून पंतनगरला चक्कर मारून आल्या आणि खाली उतरल्यावर आम्हा सगळ्यांकडे अशा बघू लागल्या की जणू इंजिन त्यांनीच ओतलंय. पंधरवडाही झाला नसेल, आतून टकटक सुरू झाली. काकांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "बेअरिंग गेलंय. नव्या इंजिनाचं!" उघडलं असतं तर दोन दिवसांत त्यांनी काहीतरी मार्ग काढला असता. पण हमीच्या कागदावर लिहिलं होतं की इंजिन उघडलंत तर हमी संपली. आयुष्यभर जे दिसेल ते खोलून बघणारा हा माणूस त्या कागदापुढे हात बांधून बसला.

आणि मग कंपनीशी बोलणं सुरू झालं. मेल लिहायचं काम माझं, फोनवर बोलायचं काकांचं. आधी एक बाई एक दाबा, दोन दाबा करायची, मग गाणं वाजायचं, मग कुणीतरी पोरगं यायचं. दर वेळी वेगळं. प्रत्येकाला काका पहिल्यापासून सगळं सांगायचे आणि मध्येच विचारायचे, "जेवलास का रे?" पोरं गडबडायची. सगळी गोड बोलायची, सगळी सर सर करायची आणि शेवटी "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे" म्हणायची. एकाने सांगितलं, सर, तुमच्या तक्रारीचं तिकीट काढलंय. काका फोन ठेवून म्हणाले, "तिकीट तरी निघालं." मी हसलो. तेव्हा अजून हसायला येत होतं.

कंपनीने फोटो मागितले. सगळ्या बाजूंनी काढून पाठवले. आठवड्याने उत्तर आलं: बोल्टांवर कंपनीने लावलेले पिवळ्या रंगाचे ठिपके दिसत नाहीत, याचा अर्थ इंजिन उघडलं गेलं आहे, सबब हमी रद्द. मी वाचून दाखवलं तेव्हा काकांनी ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हिने हळद लावली ती ठिपक्यांवरच. मी पुसताना दोन्ही पुसलं. पिवळ्यावर पिवळं, मला दिसलं नाही रे." काकी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मी सरळ उपाय सुचवला. पिवळा रंग आणू, ठिपके देऊ, नवे फोटो काढू, आधीच्या फोटोत उजेड कमी होता म्हणू. कुत्रं विचारणार नाही. काका माझ्यावर असे चिडले की तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मी इंजिन उघडलेलं नाही. मग उघडलं नाही हे दाखवायला खोटं कशाला करू? खरं आहे ते लिही." म्हणून मी इंग्रजीत खंडेनवमी म्हणजे काय, हळद का लावतात, रॉकेलने का पुसली, सगळं लिहिलं. तसलं मेल त्या कंपनीला आधी कधी गेलं नसेल. उत्तर आलं की आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो, तथापि नियमानुसार काही करता येत नाही. त्या 'तथापि'च्या कानाखाली जाळ काढावा असं मला आजही वाटतं.

बरीच भांडाभांडी झाल्यावर त्यांनी एवढं मान्य केलं की इंजिन स्वखर्चाने पाठवा, तपासून सांगू. काकांनी लाकडी खोका बनवला, खिळे मारले, इंजिन रवाना केलं. शिमगा आला आणि गेला. माहेरून व्हिडिओ कॉल यायचे. म्हातारी उशीवरून पडद्याकडे बघायची, काकी मोठ्यांदा म्हणायच्या, "येतंय गे आये, गाडी व्हतली आता." म्हातारीला ऐकू यायचं की नाही कोण जाणे. कॉल संपला की काकी काकांना विचारायच्या, "काय म्हणता तुमची कंपनी?" रोज, तेवढंच. त्यात टोमणा नसायचा, आणि तेच काकांना जास्त लागायचं.

मी माझी मोटारसायकल देऊ केली. तिची मागची सीट उंच आणि तिरकी. काकींचे गुडघे तिथवर पोचेनात. मी म्हटलं, माझ्या मोटारीने जाऊ, हळूहळू, थांबत थांबत, गोळ्या देऊ. काकी तयार होत होत्या. काका म्हणाले, "थांब थोडं. हिचे हाल नको करायला. इंजिन येईल. घाई केली की आटे जातात." मी तेव्हा भांडायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी भांडलो. पण काकांच्या मनात गाठ बसली होती की बायकोला माहेरी न्यायचं ते तिला त्रास न होता, आपल्या हाताने, नाहीतर आपण नवरा कसले. अशा माणसाशी भांडून काय मिळतं?

खोका परत आला. काकांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि खिळ्यांवरून बोट फिरवलं. "खिळे माझेच आहेत बाबू. मी मारले तसेच. यांनी उघडलंसुद्धा नाही." वर मात्र 'तपासले' अशी चिठ्ठी चिकटवलेली. त्या दिवशी त्यांनी इंजिन स्वतः खोललं. आतलं बेअरिंग कुठल्याच मापाचं नव्हतं; कुर्ल्याचा सुट्या भागांचा बाजार पालथा घातला, तसं दुसरं मिळालं नाही. लेथवर काहीतरी करून बसवलं, ते गाडी रस्त्यावर आणेपर्यंतही टिकलं नाही. मी खिडकीतून बघत होतो. काका गाडीशेजारी जमिनीवर बसले होते, हात तेलात माखलेले, आणि आलेला गेलेला विचारत होता, "काय डॉक्टर, पेशंट काय म्हणतो?" मला खाली जाऊन एकेकाला हाणावंसं वाटत होतं.

श्रावण लागायच्या आत एका सकाळी फोन आला. म्हातारी गेली. माझ्याच मोटारीने निघालो, दुसरा इलाज नव्हता. त्या प्रवासाबद्दल मला लिहायला नको वाटतं. घाटकोपर सोडलं तेव्हापासून काकींचं सुरू झालं ते घाटांत तर पाहवेना. पोटात काही उरलं नव्हतं तरी उमासे थांबेनात. काका मागे त्यांचं डोकं धरून बसलेले, दर थोड्या वेळाने मला म्हणायचे, "बाबू, थांबव," आणि मी थांबवायचो. काकी रस्त्याकडेला बसायच्या आणि काकांचा हात झटकून म्हणायच्या, "चला. थांबतत नाय थंयची माणसां माझ्यासाठी." तेच झालं. लोक थांबले, पण किती थांबणार? आम्ही पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतून पाय धूत होती.

काकी रिकाम्या खाटेपाशी गेल्या आणि तिच्या कडेला डोकं ठेवून बसल्या. काका अंगणातच उभे राहिले. मेव्हणा आत बोलवत होता, पण त्यांना उंबरा ओलांडवेना. मला म्हणाले, "मी तिला तिची आई दाखवू शकलो नाही रे. माझ्या शहाणपणाने केलं हे." मी त्यांची समजूत घातली नाही. कारण ते खरं होतं.

तेरावं झाल्यावर मी त्यांना आणायला गेलो. काकी मोटारीजवळ आल्या, दाराला हात लावला आणि मागे सरल्या. "मी आता खंयच्या गाडीत बसूचंय नाय. तुम्ही जावा." काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू जा बाबू. मी हिच्याजवळ राहतो." सासुरवाडीला एक रात्र जास्त राहायला लाजणारा माणूस तिथेच राहिला. घाटकोपरला ती दोघं परत आली नाहीत.

नंतर आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. सगळ्यांना जागा रिकामी करायची होती. काकांनी फोनवर सांगितलं, गाडी देऊन टाक, इंजिनासकट, वजनावर जाईल ती. भंगारवाल्याने गाडी टेम्पोत आडवी घातली. मी बघायला थांबलो नाही.

परवा मी फोन केला. काका हळू आवाजात म्हणाले, "गाडी गेली हे हिला सांगितलेलं नाही. घरी जाऊया का विचारलं की म्हणते, तुमची गाडी झाली काय जावया. कंपनी दुसरं इंजिन देईल या आशेवर बसलीय ती. तूही सांगू नकोस." आणि मी काही म्हणायच्या आत पलीकडे फोन काकींच्या हातात गेला. आवाज थकलेला, पण विचारणं तसंच घाईचं.

"बाबू, कंपनीचो काय निरोप इलो रे?"

"अजून नाही, काकी," मी म्हणालो. "आला की लगेच सांगतो."