खंडेनवमीला मिटलेला लॅपटॉप

माझी मुलगी विट्याजवळच्या आमच्या घरातूनच नोकरी करते. मिरजेच्या एका दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या पेटीला येऊन मिळतात, तिचं काम तिला पहिल्यांदाच एकटीला मिळालं होतं. घरात बसून त्या पेटीत शिरायचा जुना पासवर्ड बंद करायचा आणि त्याजागी किल्ली बसवायची. ही किल्ली म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ. तिची जोडी असते, एक लॅपटॉपात, दुसरी त्या पेटीत. सणामुळे दवाखान्यात गर्दी कमी, म्हणून खंडेनवमीचा दिवस धरला होता.

सकाळी भाकरी खाताना तिनं मला सांगितलं, नवी किल्ली चालते हे कळेपर्यंत लॅपटॉपवर आधी उघडलेली खिडकी मिटायची नाही. ती मिटली आणि किल्ली चालली नाही, तर आत जायला वाट राहत नाही. म्हणून तिनं पेटीला वेळ लावून ठेवायचं ठरवलं होतं. तेवढ्या वेळात तिनं आतून थांबवलं नाही तर पेटी आपोआप बंद होऊन चालू होणार आणि सगळं पहिल्यासारखं होणार. पण ती पुन्हा चालू होईपर्यंत दवाखान्यातले केसपेपर आणि रिपोर्ट अडकणार.

पेटीला वेळ लावून तिनं जुना पासवर्ड बंद केला आणि काम निम्म्यावर असताना तिच्या साहेबांचा फोन आला. घरात रेंज नाही, म्हणून ती अंगणात गेली. आमचे मालक, म्हणजे तिचे आबा, फौजेतून आलेले. त्यांनी कोयता, नटबोल्टाचे पाने, माझं शिलाई मशीन ओळीनं पुजलं होतं. मी चुलीपाशी होते. ती परत आली तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता, त्यावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

"आबा, ह्याला हात कुणी लावला?"

"मी. हत्यारच हाय की तुझं. आज ऱ्हाऊ दे तसंच."

तिनं फूल बाजूला ठेवून झाकण उघडलं. आधीची खिडकी बंद पडली होती. तिनं नवी किल्ली लावली. आत घेतलं नाही. पुन्हा लावली, पुन्हा तेच. मालक मला विचारू लागले, एवढं काय झालंय.

"आवं, गप ऱ्हावा जरा," मी म्हणाले. मी त्यांना असं कधी म्हटलं नव्हतं.

पेटीची वेळ भरत आली होती. ती गप्प बसली असती, तर लाईट गेली असेल असंच दवाखान्यात वाटलं असतं. तिनं फोन उचलला, अंगणात गेली. आम्ही दोघं दारात.

"सर, पेटी आता बंद होऊन चालू होईल. काउंटरवर केसपेपर हातानं लिहायला सांगा. किल्ली तपासायच्या आधीच माझी जोडणी तुटली. चूक माझी आहे."

मालक खाली बघत राहिले.

मग नुसती वाट बघणं. ती पुन्हा पुन्हा जुना पासवर्ड घालून बघत होती. शेवटी आत घेतलं. तिनं साहेबांना कळवलं. काम काढून घेतात की काय, असं तिला वाटलं, हे तिनं नंतर सांगितलं. पण ते म्हणाले, पुन्हा कर, आता मी मधे फोन करणार नाही.

किल्लीची ओळ उतरवताना शेवटचा तुकडा राहिला होता. तो जोडून तिनं सगळं नव्यानं केलं. शेजारच्या बायका कुंकवाला आल्या, त्यांना मालकांनी उंबऱ्यावरच थांबवलं.

"आत काम चाललंय. मागनं या."

किल्ली चालली. तिनं दुसऱ्या खिडकीतून आत जाऊन पाहिलं, पेटीला लावलेली वेळ काढली, सगळं जपून ठेवलं आणि स्वतःच झाकण मिटलं.

"लावा आबा आता."

"पक्कं झालं न्हवं?" त्यांनी विचारलं. मग लॅपटॉपला न लावता कुंकवाचं बोट टेबलाच्या कडेला टेकवलं.