डोंगराच्या पाण्याची वाट

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मुलीला माहीत नाही. आईला सांगायचं होतं — प्रत्येक सुट्टीत ठरवून जायची आणि तशीच परत यायची — आणि मग आईच गेली. म्हणजे तुम्हीच पहिले. कुठून सुरुवात करू? घरापासून करते. भीती तिथूनच सुरू झाली.

मस्कतला मदिनत सुलतान काबूस म्हणून भाग आहे, त्यातल्या अगदी जुन्या ओळीत आम्ही राहतो. मागे उघडाबोडका तपकिरी डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी ही बैठी, पांढरी, सपाट छपराची घरं. कुणा परदेशी लोकांनी पन्नासेक वर्षांपूर्वी बांधलेली. मध्ये लहानसं अंगण, आणि मागच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच. हल्ली वास्तुकला शिकणारी मुलं कॅमेरे घेऊन येतात, घराच्या सावलीचेसुद्धा फोटो काढतात. अशी घरं आता फार उरली नाहीत म्हणतात. मी पहिल्यांदा आले तेव्हा मला एकच गोष्ट दिसली होती. खिडक्यांना गज नव्हते.

तुम्ही हसाल. पण मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, गजांच्या आत वाढलेली बाई. श्रीकांतची नोकरी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, दोन-अडीच तासांवर. तो रविवारी पहाटे जायचा आणि गुरुवारी संध्याकाळी यायचा. मधले दिवस मी आणि सई. सई तेव्हा आठ वर्षांची. काचेपलीकडे डोंगर, अलीकडे आम्ही दोघी. मी पडदे लावून घ्यायची. दिवसासुद्धा. "एवढं छान घर, आणि तू गुहेत राहतेस," असं श्रीकांत म्हणायचा.

शेजारच्या घरात पाटणकर काका आणि काकू. काका एका ओमानी व्यापाऱ्याकडे तरुणपणापासून हिशेबनीस होते. निवृत्त झाल्यावरही त्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, त्यांना त्याच घरात राहू दिलं होतं. मूलबाळ नाही. काकूंना ते घर माणसासारखं आवडायचं. या घरांच्या हॉलमध्ये मधोमध एक चौकोनी खोलगट बैठक असते — तीन पायऱ्या उतरून खाली जायचं, कडेने सिमेंटचीच बाकं, वर गाद्या. आमच्याकडच्या त्या खड्ड्यात मी रिकामी खोकी भरली होती. काकूंनी रंगीत गोधड्या अंथरल्या होत्या, आणि त्याला त्या 'हौद' म्हणायच्या. त्या हौदात बसून त्या सईला मराठी शिकवायच्या. शाळेत सगळं इंग्लिश, घरी मी कंटाळलेली. सईला 'ळ' म्हणता यायला लागला तो काकूंमुळे.

आता ते सांगते. — थांबा, आधी साप.

माझं आजोळ देवगडकडचं. फुरसं म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे. वीतभर, मातीच्या रंगाचं, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. एक दिवस दुपारी मी काचेजवळचे सईचे खडू उचलत होते, आणि बाहेर फरशीवर ते होतं. वेटोळं करून, अंगावर अंग घासत, खर्रर्र असा आवाज करत. काचेच्या पलीकडे, माझ्या बोटांपासून हातभर लांब. मी ओरडलेसुद्धा नाही. मग ते सरळ झालं आणि मागच्या बागेच्या कुंपणभिंतीच्या पायथ्याशी असलेल्या भोकातून डोंगराकडे निघून गेलं.

मागच्या भिंतीला जमिनीलगत अशी भोकं होती. हाताचा पंजा आरपार जाईल एवढी, ओळीने. सगळ्याच घरांना होती. मी कधी नीट पाहिलीच नव्हती. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना. स्वयंपाक करताना भोकं, अंथरुणाला पाठ टेकली की भोकं. सई बागेत गेली की मी तिच्या मागोमाग बाहेर जायची.

मी काकूंना विचारलं, ती बुजवून टाकली तर? हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण सगळं इथेच आहे. मी विचारलं होतं.

काकू म्हणाल्या, "अगं मृणाल, बुजवू नकोस हं. इथे वर्ष-वर्ष पाऊस पडत नाही, पण पडला की अख्खा डोंगर खाली येतो. ते पाणी सगळ्यांच्या बागांतून वाटून जावं म्हणून ठेवलीत ती. एवढी भीती वाटत असेल तर जाळी बसवून घे बारीक."

मी म्हटलं, "हो, जाळीच लावते."

आणि जाळी काही मला पुरेशी वाटली नाही. जाळी सुटली तर? गंजली तर? मी हार्डवेअरच्या दुकानातून सिमेंटची लहान पिशवी आणली, सई शाळेत असताना गुडघे टेकून बसले, आणि एकेक भोक लिंपून टाकलं. पुढे कुंड्या ओढून ठेवल्या. श्रीकांतला बोलले नाही. तो हसला असता. काकूंनी नंतर विचारलं, "लावलीस का जाळी?" मी म्हटलं, लावली.

त्या रात्री मी कित्येक दिवसांनी गाढ झोपले. हेही खरं आहे.

पाऊस आला तो पुढच्या वर्षी. समुद्रात वादळ आहे म्हणून दोन दिवस आधीपासून सांगत होते, शाळा बंद होत्या, श्रीकांत सोहारला अडकला होता. दुपारी सई कंटाळून काकूंकडे गेली. मी घरात बादल्या लावत फिरत होते, छत गळत होतं. मग डोंगराकडून आवाज यायला लागला. मी पडदा सरकवला. डोंगर हलतो आहे असं वाटलं — तपकिरी पाणी, दगडगोटे, सगळ्या घळींतून एकदम. आणि माझ्या बागेत? माझ्या बागेत नुसती पावसाची डबकी. भिंतीपलीकडून पाणी वाहत होतं आणि आत थेंब येत नव्हता.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगू? 'बरं झालं बुजवली.'

मग खडीचा ट्रक ओतावा तसा आवाज झाला. आणि काच.

मी पुढच्या दारातून धावले. काकांचं दार उघडं होतं. काका पायऱ्यांच्या वर, सईला छातीशी धरून उभे, नखशिखान्त भिजलेले. मागची भिंत नव्हती. काच नव्हती. हॉलभर चिखलाचं पाणी, आणि सगळं पाणी त्या हौदात उतरत होतं. काकू त्यात होत्या. गळ्यापर्यंत. एका हाताने बाकाची कड धरलेली. त्या ओरडत नव्हत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "सई वर आहे ना?"

दोघी खाली बसून वाचत होत्या. काच फुटली तशी काकूंनी सईला दोन्ही हातांनी वर ढकललं, पायऱ्यांवर फेकलंच म्हणा ना. मग लोंढा आला आणि त्या बाकाच्या कोपऱ्यावर आपटल्या. मी आणि काकांनी त्यांना ओढून काढलं तेव्हा त्यांचा पाय भलत्याच बाजूला वळला होता. खुबा मोडला होता. ॲम्ब्युलन्सला गल्लीत शिरता येत नव्हतं. अंधार पडेपर्यंत आम्ही त्यांना जेवणाच्या टेबलावर झोपवून ठेवलं होतं. सई त्यांचा हात धरून उभी. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. काका हॉस्पिटलमध्ये. मी पेचकस आणि हातोडी घेतली, कुंड्या सरकवल्या आणि माझं सगळं सिमेंट फोडून काढलं. बोटं सोलवटली. सई दारात येऊन उभी राहिली. "आई, what are you doing?"

"साफसफाई."

सगळ्या गल्लीत चिखल आणि दगडांचे ढीग पडले होते. त्यात माझे तुकडे कोण ओळखणार? ओळखले नाहीत. अर्बाबचा माणूस एका इंजिनियरला घेऊन आला. त्याने दोन्ही भिंती पाहिल्या. माझ्याकडची भोकं उघडी, स्वच्छ. काकांकडच्या पडलेल्या भिंतीत बोगनवेलीच्या वाळक्या पानांचे बोळे अडकलेले. तो हिंदीत म्हणाला, दीवार पुरानी है, और पत्ते जमा हो गए थे, पानी को रास्ता नहीं मिला.

माझ्या वाट्याचं पाणीही त्यांच्याच भिंतीवर गेलं होतं. ते मला कळलं होतं. तिथे उभ्या असलेल्यांपैकी फक्त मलाच कळलं होतं. मी चहा आणला.

काका माझ्या हातातला कप न घेता म्हणाले, "पानं मी काढणार होतो गं. ती सकाळपासून मागे लागली होती. मी म्हटलं, पाऊस येतो की नाही ते तर बघू."

मी म्हटलं, "काका, तुमचा काही दोष नाही." बघा, खरंच बोलले मी. एवढंच बोलले.

ऑपरेशन झालं, मग ती दोघं पुण्याला गेली. काकू पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. झोपून झोपून छाती भरली आणि त्या हिवाळ्यात त्या गेल्या. आम्ही फोनवर रडलो. मीही रडले. कशासाठी? काकूंसाठी — हो. आणि त्या कधीतरी 'जाळी टिकली का गं तुझी' असं विचारतील या धास्तीतून सुटले, त्यासाठीही. हे लिहिताना हात थांबला होता. पण ते तसंच होतं.

धास्ती गेली नाही, तिने नुसती जागा बदलली. ढग आले की मला पाण्याची नाही, माणसांची भीती वाटते. मागच्या महिन्यात फोटो काढणाऱ्यांतली एक मुलगी मागच्या भिंतीशी वाकली. किती साधी कल्पना, पाण्याला अडवायचं नाही, जाऊ द्यायचं, असं म्हणत तिने एका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथे जरासं करडं सिमेंट अजून आहे. "हे कधी बुजवलं होतं का?" माझ्या तोंडून निघालं, "आमच्या आधीच्या लोकांनी केलं असेल काहीतरी." इतक्या वर्षांनी. इतक्या पटकन.

सई आता पुण्याला कॉलेजात आहे. दर रविवारी काकांकडे जाते, त्यांना पेपर वाचून दाखवते; त्यांची नजर गेली आहे. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "आई, काका पुन्हा पानांचंच बोलत होते. जेवलेच नाहीत. म्हणतात, मी तिला मारलं. तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात ते."

मी म्हटलं, "सांगते."

तिने तिथूनच फोन काकांच्या हातात दिला. काका म्हणाले, "मृणाल? बोल."

मी त्यांना विचारलं, तिकडे थंडी पडली का. ते म्हणाले, पडली. मी म्हटलं, स्वेटर घालत जा, आणि फोन ठेवला.