सबवूफरची घरघर

मंडळी, आज दुपारी होम थिएटरचा रिसिव्हर तपासून बघायला दुकानातून घरी आणला. ब्लूटूथ लगेच जुळलं, टीव्हीही जोडला गेला, आवाज स्वच्छ. फक्त सबवूफरमधून सतत खोल घरघर येत होती.

तेवढ्यात बाबा झोपेतून उठून आले, घाईघाईने कामाचा शर्ट चढवत. दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांनी आयुष्यभर मशीन चालवली. बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हापासून जिनिंग बंदच आहे.

"जिनिंग सुरू झाली अन् मले काहून नाही उठवलं?"

"बाबा, हा स्पीकर हाये."

ते सबवूफरवर हात ठेवून खाली बसले. मी बंद करायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे थोडं."

दुकानदार म्हणतो, वायर बदलली की घरघर जाईल. तुम्ही माझ्या जागी असता तर बदलली असती का?