थोडं राहिलंय

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत बातमी पसरली, की मिस्त्रींना त्यांच्या बायकोने घरात कोंडून ठेवलंय. बातमी पक्की होती, कारण ती मीच पसरवली होती. सकाळी नऊ वाजता वहिनींनी दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि आतून मिस्त्री खोकले, हे मी या कानांनी ऐकलं. दुपारपर्यंत त्याचं 'खिडकीतून ताट सरकवतात' असं झालं होतं. ती भर मात्र माझी नव्हे.

त्याच दुपारी वहिनींनीच मला अडवलं. "काय हो भावजी, कोंडलेला माणूस मागच्या अंगणात बसून दाढी करतो का?"

मागचं दार उघडंच होतं. पुढचं कुलूप मिस्त्रींनी स्वतःच सांगून लावून घेतलं होतं. त्यांनी चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली. दुकान बंद केलं तरी गिऱ्हाइकं घरी येतात, आणि आलेल्या मशीनला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. कुलूप बघून लोक परत जातील आणि पुस्तक पुरं होईल, असा बेत.

तर, पुस्तक. सहा वर्षांपूर्वी शिवणवर्गाच्या बाई त्यांच्याकडे आल्या होत्या. मुलींना शिवता येतं, पण मशीन अडलं की हातावर हात ठेवून बसतात. दुरुस्ती शिकवायला सोपं पुस्तक नाही, ते तुम्ही लिहा, म्हणाल्या. मिस्त्रींनी त्याच दिवशी डझनभर पेन्सिली आणल्या. टेबलाचा डुगडुगणारा पाय नीट केला. मग खुर्ची उंच वाटली म्हणून तिचे पाय कापले. मग टेबल उंच वाटू लागलं. एकदाचे लिहायला बसले, की वर 'बॉबिन केस' असा मथळा घालायचे आणि 'एकदा बघून घेतो' म्हणून घरचं मशीन उघडायचे. उघडलं की साफ करायचे, साफ केलं की तेल घालायचे, तेल घातलं की हात पुसायचे, आणि हात पुसून होईपर्यंत मी चहाला हजर असायचो.

बाई दर दोन-तीन महिन्यांनी फोन करायच्या. उत्तर ठरलेलं, "थोडं राहिलंय." सहा वर्षं थोडंच राहिलं, जास्त कधी राहिलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मग एका गुरुवारी बाई स्वतःच आल्या. दारातूनच म्हणाल्या, "मिस्त्री, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी बारा वाजता वर्गाच्या समितीची बैठक आहे. तोवर पुस्तक आलं नाही तर दुरुस्ती हा विषयच काढून टाकणार आहेत. मग मुलींनी नुसतं शिवायचं, आणि मशीन अडलं की दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं."

"थोडंच राहिलंय हो, बाई."

"थोडं म्हणजे किती पानं?"

हे सहा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मिस्त्रींनी वही आणली. बारा प्रकरणं ठरली होती, चार झाली होती. बाई वही मिटून निघून गेल्या. त्या दिवशी मिस्त्री माझ्या एकाही विनोदाला हसले नाहीत, तेव्हा मीसुद्धा घाबरलो.

शुक्रवारपासून कुलूप लागलं. वहिनी सकाळी दवाखान्यात रुग्णांची नावं नोंदवायला जातात, दुपारी परततात. सकाळी मिस्त्रींनी लिहायचं आणि दुपारी वहिनींनी ते पान समोर ठेवून मशीन उघडायचं, असं ठरलं. मिस्त्रींनी हात मागे बांधून उभं राहायचं, ही वहिनींची अट. त्यांना मशीनमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच त्या परीक्षक.

पहिल्याच दुपारी त्यांनी वाचलं, 'स्क्रू थोडा सैल करावा.' आणि केला. स्प्रिंग टणकन उडाली ती थेट कपाटाखाली.

"अगं, थोडा म्हटलं होतं!"

"माझा थोडा एवढाच असतो. किती फिरवायचा ते लिहा, नाहीतर वर्गातल्या तीस मुली तीस कपाटांखाली आडव्या होतील."

आडवं व्हायला मला बोलावलं; गल्लीत माझ्याइतका सडपातळ आणि रिकामा माणूस दुसरा नाही. पोटावर पडून झाडूच्या दांड्याने स्प्रिंग ओढताना मी सगळं ऐकत होतो. चाळीस वर्षं बोटं जे करत आली, त्याला आकडाच नव्हता. शेवटी मिस्त्रींनी डोळे मिटले, पेचकस हवेतच फिरवला आणि म्हणाले, "अर्धा वळसा."

"मग तसं लिहा की!"

वहिनींनी लाल पेन्सिल घेऊन जुन्या चार प्रकरणांतले 'थोडा', 'थोडी', 'थोडं' मोजले. एकसष्ट निघाले. थोडं तेल म्हणजे दोन थेंब. दोरा थोडा ओढावा म्हणजे वीतभर. पट्टा थोडा घट्ट म्हणजे बोटाने दाबला तर पेरभर आत जाईल इतका. आणि तिथूनच मिस्त्रींचा हात चालू लागला. नेमकं लिहायचं ठरल्यावर मशीन उघडायला उठावं लागेना. बोटांना विचारलं की उत्तर मिळायचं. दिवसाला एक प्रकरण उतरू लागलं. दोनच दिवस वाया गेले, एक तापात आणि एक प्रस्तावनेत. प्रस्तावना वहिनींनी फाडली.

बैठकीच्या सोमवारी सकाळी शेवटच्या प्रकरणाची परीक्षा होती, मशीन टाके का सोडतं याची. वहिनींनी रजा काढली. मिस्त्रींनी मशीन मुद्दाम बिघडवून दिलं. वहिनी एकेक ओळ वाचत गेल्या आणि साडेदहाला त्यांनी चाक फिरवलं. फडक्यावर टाके पडत गेले, सगळे एकसारखे, एकही सुटला नाही. मिस्त्रींनी मागे बांधलेले हात सोडले, फडकं उलटं करून खालची बाजू बघितली आणि कागद गोळा करायला लागले.

बाराला दहा मिनिटं असताना गठ्ठा बाईंच्या हातात पडला. संध्याकाळी त्यांचा फोन आला, विषय राहिला, पुस्तक छापायचं ठरलं.

मला काही राहवलं नाही. म्हटलं, "मिस्त्री, अभिनंदन. पण दीडशे पानांना सहा वर्षं लागतात होय?"

ते म्हणाले, "पुस्तकाला अकरा दिवस लागले. सहा वर्षं तुम्ही चहाला येत होतात."