बरोबरी चालेल, असं मी म्हणाले

आमच्या फुटबॉल क्लबात नियम वाचायचं काम माझ्याकडे होतं. आमचे कोच, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, ते ठाण्यातल्या माझ्या शाळेत पी.टी. शिकवायचे. मुलींचा संघ त्यांनी हट्टाने दोन वर्षं चालवला, त्यात मी राइट बॅक खेळायचे. पुढे मी एका विमा कंपनीत लागले, पॉलिसीच्या अटी तपासायच्या कामावर. सर निवृत्त होऊन क्लबचे कोच झाले. आमचा क्लब राज्याच्या लीगमध्ये वरती आला आणि राष्ट्रीय पातळीवरच्या दुसऱ्या लीगसाठी आमचं नाव गेलं, तेव्हा इंग्रजीतली जाडजूड नियमावली सरांच्या हातात पडली. त्यांनी मला फोन केला.

"अगं, तू दिवसभर बारीक अक्षरंच वाचतेस ना? मग थोडी आमचीही वाच."

मी नुसती वाचली नाही, तिच्या प्रेमात पडले. जुन्या नियमावल्या मिळवल्या, कात्रणं जमवली. देशातल्या मोठ्या क्लबांची एक लीग वर होती, आणि खालच्यांना तिथे पोचायला काहीतरी वाट हवी म्हणून ही दुसरी सुरू झालेली. तिचं रूप मात्र ठरलेलं नसायचं. कधी सगळे संघ एका गावात गोळा करून पंधरवड्यात निकाल लावायचे. कधी प्रदेशाप्रमाणे गट पाडायचे, प्रत्येकाशी एक सामना आपल्या मैदानावर आणि एक त्यांच्या. मध्ये काही वर्षं मोठ्या क्लबांचे राखीव संघही यात खेळले. ते पहिले आले तरी त्यांना वर जायला परवानगी नव्हती, म्हणून त्यांच्या खालचा पुढे सरकायचा. मी हे सगळं घडाघडा सांगायचे. मुलं चहा पिताना मुद्दाम विचारायची, "ताई, मागच्या वर्षी कसं होतं?" आणि मी सुरू व्हायचे. या मैदानावर मला एवढंच येत होतं आणि ते मला इतरांपेक्षा चांगलं येत होतं. मला त्याचा फार गर्व होता.

त्या वर्षी आम्ही आमच्या गटात पहिले आलो आणि अंतिम फेरीत पोचलो. चार संघ, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, आणि एकच वर जाणार. सगळ्यांना धक्का बसला होता, आम्हालाही. आमचा कॅप्टन डोंबिवलीचा, तेव्हा एकतीस वर्षांचा. सेंटर बॅक, बचावाच्या मधोमध खेळायचा. नोकरीत नाशिकला बढतीवर बदली होत होती ती त्याने एक वर्ष पुढे ढकललेली. "ताई, एकदा वरच्या लीगमध्ये खेळायचंय," तो म्हणायचा. "एक मॅच खेळलो तरी चालेल."

शेवटचा सामना ठाण्यात, आमच्या मैदानावर होता, तिसऱ्या क्रमांकाच्या संघाशी. पहिल्या जागेसाठी आमच्याशी झगडणारा संघ मात्र वेगळा, ईशान्येकडचा. त्यांचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच झालेला. म्हणजे आम्हाला काय हवं ते स्वच्छ दिसत होतं. जिंकलो तर प्रश्नच नाही. बरोबरी झाली तर गुण त्यांच्याएवढे होणार, आणि गुण सारखे असले की गोलफरक बघायचा. तळाच्या संघाला आम्ही पाच गोलांनी हरवलेलं, त्यामुळे आमचा गोलफरक चांगला होता. बरोबरी चालणार होती.

निदान माझ्या डोक्यात तसं होतं, कारण नियमावलीत तसं होतं.

सत्तराव्या मिनिटाला सामना शून्य-शून्य होता. समोरचा संघ दमलेला. सर बेंचवरून माझ्याकडे वळले.

"बरोबरी चालते ना? नक्की?"

"चालते सर. गोलफरक आपला आहे."

त्यांनी आमचा स्ट्रायकर बाहेर काढला आणि एक डिफेंडर आत पाठवला. कॅप्टन मैदानातून ओरडला, "सर, पुढे जाऊया ना! संपलेत ते!" सरांनी दोन्ही हात खाली दाबून दाखवले. जागा सोडू नका. कॅप्टनने एकदा मान हलवली आणि मागे सरकला. मग वीस मिनिटं आमचा अख्खा संघ स्वतःच्या गोलसमोर उभा राहिला. शिट्टी वाजली तेव्हा शून्य-शून्यच होतं.

मुलांनी सरांना खांद्यावर घेतलं. कॅप्टनचे वडील कुंपण ओलांडून आत आले, हातात पेढ्यांचा बॉक्स. त्यातला एक पेढा त्यांनी माझ्या तोंडात कोंबला. तो अजून तोंडात होता तेव्हा सामन्यावर देखरेख करणारे मॅच कमिशनर आमच्याकडे आले. सभ्य माणूस होता. हिंदीत, अगदी हळू आवाजात त्यांनी सरांना सांगितलं की तुमची काहीतरी गल्लत होतेय. गुण सारखे असतील तर यंदा आधी त्या दोन संघांमधले आपसातले सामने बघायचे आहेत, गोलफरक नंतर. त्यांच्याकडे आम्ही दोन-शून्य हरलो होतो आणि इथे एक-एक झालेलं. म्हणजे ते वर गेले.

सर म्हणाले, "असं कसं? नियमावलीत..."

"बदल कळवला होता," कमिशनर म्हणाले. "मेलवर."

मी फोन काढला. मेल अकरा दिवसांपूर्वीचा होता. आणि तो मी उघडलेला होता. ही गोष्ट मी पुढे किती वर्षं स्वतःपासूनही झाकायचा प्रयत्न केला. उघडलाच नसता तर निष्काळजी म्हणता आलं असतं. मी तो ऑफिसच्या बसमध्ये उघडला होता, घोडबंदर रोडला, मेट्रोच्या खांबांशेजारी गाडी अर्धा तास हलत नव्हती तेव्हा. पहिल्या पानावर जर्सीच्या रंगांबद्दल आणि पाण्याच्या बाटल्या कुठे ठेवायच्या याबद्दल होतं. मी मनात म्हटलं, हे काय मला सांगताय. आणि बंद केला. दुसरं पान उघडलंच नाही. दिवसभर लोकांना 'दुसरं पान वाचा' असं सांगून पगार घेणारी मी.

ड्रेसिंग रूममध्ये कोणी बूट काढत नव्हतं. एकाने विचारलं, "पण हे बघायचं काम कोणाचं होतं?" मी दारात उभी होते. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"माझं," ते म्हणाले. "मला मेल दाखवलेला. मी नीट वाचला नाही. चूक माझी."

त्या वेळी मला एक वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडायला मोजून दोन सेकंद लागले असते. मी नाही बोलले. कॅप्टन उठला आणि सरांसमोर येऊन उभा राहिला. "मी ओरडत होतो, सर. मी सांगत होतो पुढे जाऊया." सर म्हणाले, "हो. ओरडत होतास." तो तसाच बाहेर गेला, बुटांसकट.

त्यानंतर ठाण्यातल्या फुटबॉलवाल्यांत सरांचं नावच पडलं. घाबरट कोच. घरच्या मैदानावर गोलसमोर बस उभी करून बसला, आणि नियमही माहीत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चित्रं फिरली, मीही ती बघितली. पुढच्या मोसमाला निम्मी मुलं दुसऱ्या क्लबांत गेली, सरांनी कोचिंग सोडलं आणि क्लब राज्याच्या लीगमध्येच मागे पडला. मग वरच्या लीगच्याही वर शहरांची नवी लीग बसवली गेली. पहिली होती ती दुसरी झाली, आमची दुसरी तिसरी. आमची मुलं ज्या दारापर्यंत पोचली होती ते दारच पुढे हलवलं गेलं. कॅप्टनची पुढे ढकललेली बढती तोवर दुसऱ्याला गेली, त्याने मग खेळणंही सोडलं.

दीड वर्षाने त्याचं लग्न झालं, डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये. मला आग्रहाने बोलावलं. त्याच्या आईने मला पुढच्या रांगेत बसवलं, वर विचारलं, "सर नाही दिसले ते?" मी म्हणाले, "बरं नसेल." त्यांना बोलावलेलंच नव्हतं हे मला माहीत होतं. मी जेवून आले. अळूची भाजी दोनदा घेतली, हेही आठवतं.

सरांकडे मी वर्षातून दोनदा जायचे, गणपतीत आणि त्यांच्या वाढदिवसाला. खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या बिल्डिंगमध्ये. आम्ही बाकी सगळं बोलायचो. एकदा धीर करून म्हटलं, "सर, तो मेल..." ते म्हणाले, "चहात आलं घालू का?" आणि मी घाला म्हणाले.

अशी सात वर्षं गेली. गेल्या दिवाळीनंतर कॅप्टनचा फोन आला. तो आता कल्याणला मुलींचा संघ तयार करतो. आवाजात जुना उत्साह होता.

"ताई, आपल्या पोरींचं नाव गेलंय. नॅशनल सेकंड डिव्हिजन, विमेन्सची. फॉर्मॅट आलाय, पण डोक्यावरून जातंय. तुम्ही वाचाल? तुमच्यासारखं कोणाला कळत नाही."

"पाठव," मी म्हणाले.

"यावेळी काही चुकायला नको. त्या माणसामुळे आपलं काय झालं ते बघितलंय ना आपण."

त्या माणसामुळे. मी फोन ठेवला आणि दोन दिवस ती नियमावली उघडू शकले नाही. मग उघडली आणि सलग वाचली, शेवटच्या पानापर्यंत, दोनदा. रविवारी सकाळी फाइल घेऊन कल्याणला गेले.

मुली सराव संपवून बॅगा भरत होत्या. आम्ही मैदानाच्या पायऱ्यांवर बसलो. मी फाइल त्याच्या हातात दिली नाही, आधी सांगितलं. मेल मला आला होता. मी उघडला होता. अर्धा वाचला. सरांनी मला विचारलं, नक्की ना, आणि मी नक्की म्हणाले. सरांना मेल कधी दाखवलाच नव्हता.

मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझ्या लग्नाला तुम्ही आलेलात," तो म्हणाला.

"हो."

"पुढे बसलेलात."

"हो."

"मी सरांना काय काय बोललोय माहितीय? मार्केटमध्ये दिसले एकदा, त्यांनी हात केला. मी सरळ पाठ फिरवून गेलेलो." तो माझ्याकडे वळला. "मॅचचं सोडा ताई. चूक होते. मीपण केल्यात, पेनल्टी दिल्यात. पण सात वर्षं?"

भीती वाटली, असं म्हणाले. ते खरंही होतं आणि पुरेसंही नव्हतं. त्याने माझ्या हातातून फाइल घेतली, उठला आणि आपल्या गोलकीपर मुलीला हाक मारली. ती लॉ शिकते. "हे तू वाच," तो तिला म्हणाला. "पूर्ण." माझ्याकडे वळून फक्त, "जपून जा."

चार दिवसांनी सरांचा फोन आला. "संध्याकाळी ये." एवढंच.

मी गेले तेव्हा ते गॅलरीत बसलेले. खाली डेपोत गाड्यांच्या घोषणा चालू होत्या. मला वाटलं होतं ते मोकळे झालेले दिसतील. ते रागावलेले होते. शाळेत असताना कवायत चुकल्यावर रागवायचे तसे.

"तो येऊन गेला. दोन तास बसला. पाया पडत होता, मी पडू दिलं नाही. तुला कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"सर, मला सहन होत नव्हतं."

"तुला होत नव्हतं. मला होत होतं ना?"

मी गॅलरीतल्या स्टुलावर टेकले.

"तुला वाटतं मी तुला वाचवलं," सर म्हणाले. "तसं काही नाही. त्या खोलीत वीस बाप्ये होते. तुझं नाव आलं असतं तर काय बोलले असते? बाईला कागद दिले म्हणून गेलं. पुढे कुठल्या क्लबने कुठल्या मुलीला बेंचवर बसू दिलं असतं का? मला ते नको होतं. घाबरट म्हणाले तर म्हणू देत. माझं वय झालेलं होतं."

"मग तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू विचारायला हवं होतंस." मग जरा खालच्या आवाजात, "मी वाट बघत होतो, खरं सांगायचं तर. पहिलं वर्षभर. तू आपल्या दोघांत तरी बोलशील, असं वाटायचं. नंतर सोडून दिलं."

आल्याच्या चहाच्या त्या दिवसाची मी त्यांना आठवण करून दिली नाही. तेव्हा वर्ष उलटून गेलेलं होतं, आणि पुढचं वाक्य बोलायचं की नाही हे माझ्याच हातात होतं.

कल्याणच्या मुली त्यांच्या गटात तिसऱ्या आल्या. पुढे जायला पहिलं यायला हवं होतं. सरळ हरल्या, कुठल्याही नियमामुळे नाही. त्या काळात गोलकीपर मुलीने मला तीनदा फोन करून शंका विचारल्या. हुशार आहे, उत्तर दिलं तरी पान नंबर मागते. कॅप्टनने मात्र त्या रविवारनंतर मला फोन केलेला नाही.

सर आता रविवारी कल्याणला जातात. स्टेशनवर कॅप्टन त्यांना घ्यायला येतो. बचावफळी तीनची लावायची की चारची यावर दोघांचं कडाकडा भांडण होतं म्हणे. मागच्या महिन्यात सर मला म्हणाले, "तूही चल. मी आहे ना बरोबर."

मी नाही म्हणाले. कॅप्टनने बोलावलं तर जाईन. सरांच्या आडून मैदानात शिरायचं नाही, एवढं आता ठरवलंय.